कानाची ओ

"काका, तुम्ही काहीच करू नका. बोलू नका, मान हलवू नका. झोप आली तर खुशाल झोपा," अर्पिता म्हणाली आणि तिनं भीमराजच्या उजव्या कानात रबराचं मऊ टोक बसवलं. ती कान तपासणारी, यवतमाळच्या एका दवाखान्यात.

साधना भिंतीला टेकून बापाकडे पाहत होती. जाड भिंतींची ती खोली विहिरीच्या तळासारखी निवांत होती. बाबांचे डोळे मिटत चालले होते.

"आवाज आला की बोट वर करायचं ना?" साधनानं कुजबुजत विचारलं.

"ते झालं मघाशी. काकांनी एकदाबी बोट उचललं नाही. आता त्याइले विचारायचंच नाही, थेट कानालेच विचारायचं. हे मशीन आत बारीक टिकटिक सोडते. आतला कान चांगला असला की तोबी उलटून आवाज देते. आपल्याले नाही येत ऐकू, मशीनले येते."

"म्हणजे कान ओ देते?"

अर्पिता हसली. "हाव बापा! ओच देते."

ओ देणं ही तर बाबांची नोकरीच होती. महागावच्या एका कचेरीत ते शिपाई. घंटी वाजो की साहेब नुसते खाकरोत, दारातून "जी साहेब" आलंच. घरी आईची, हंसाबाईची हाक, "अवो, आयकता का?" ते ओ देईपर्यंत आई हाका मारत राहायची आणि ओ ऐकली की गप्प व्हायची.

"कायले बोलावलं?"

"काही नाही. हायेत का पाह्यलं."

उन्हाळ्यात आई गेली. साधनानं बाबांना लोहाऱ्याला, आपल्या घरी आणलं. पोळ्याच्या सुमारास त्यांनी ओ देणं सोडलं. जेवायला उठवायचं तर खांद्याला हात लावावा लागे. "बुढा बहिरा झाला, मशीन लावून देऊ," नवरा म्हणाला होता, आणि साधनानं तो शब्द घट्ट धरून ठेवला होता. बहिरेपणाला उपाय असतो. कानामागे यंत्र लावलं की बाबा पुन्हा बोलतील.

पडद्यावर हिरव्या रेघा उगवू लागल्या. एक, मग तिच्या शेजारी दुसरी, सावकाश, पहाटे शेतात माणसं दिसू लागावीत तशा. अर्पितानं डावा कान लावला. तिथंही तेच.

"दोन्ही कान ओ देऊन राह्यले, ताई. नसेची तपासणीबी सकाळी साफ आलती. या वयात असे कान! मशीनची काही गरज नाही." ती डॉक्टरांना सांगायला बाहेर गेली.

साधनाला हसू यायला हवं होतं. ती खुर्चीपाशी खाली बसली.

"बाबा, तुमाले ऐकू येते."

त्यांनी डोळे उघडले, नुसती मान हलवली.

"मंग ओ काहून देत नाही? मी हाका मारू मारू थकली. शेजारचे हासते मले."

त्यांनी आपल्या तळव्यांकडे पाहिलं. मग बोलले ते आत साहेबांची मीटिंग चालू असल्यासारखं, दबक्या आवाजात.

"तुही माय आवाज देते. मांगून. लय हळू."

साधना आणखी जवळ सरकली.

"पह्यले मी ओ देल्ली. तं बंदच झाली थे. लय दिवस आली नाही. तुले ओ देल्ली तरी तिले आयकू जाते. तिले वाटते, हाये बुढा, अन् गप होते. म्हणून देत नाही, बाई."

डॉक्टरांनी कागदावर सही केली, अभिनंदन केलं. साधनानं मान डोलावली.

बाहेर ऊन कलत होतं. ओळखीचा ऑटोवाला खेमसिंग फाटकाशी ऑटो सुरू करूनच बसला होता. "चला काका, बसा लवकर! काय म्हणते डॉक्टर?"

बाबा कडुनिंबाखाली थबकले होते. मान किंचित मागे कललेली, ओठ घट्ट मिटलेले.

खेमसिंग पुन्हा हाक मारणार, तोच साधनानं हात वर केला आणि खुणेनंच त्याला इंजिन बंद करायला सांगितलं.

घरघर थांबली. ती बापापासून जरा दूर सरून उभी राहिली.