आधी सांगून

आमच्या ह्यांनी आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केले आणि घरातल्या प्रत्येकाला रेडिओवरूनच नाव ठेवलं. मी 'खरखर'. हे नाव लग्नानंतर लगेचच पडलं आणि मी ते सार्थ करून दाखवलं, असं ते चारचौघांत सांगायचे. म्हातारपणी त्यांची दृष्टी गेली, मग पायांनी दगा दिला. कान मात्र शाबूत होते, आणि जीभही.

त्यांना उठवणं-बसवणं, अंघोळ घालणं माझ्या कंबरेला झेपेना. मुलाने आया पुरवणाऱ्या ब्युरोकडून एक बाई ठेवली. पहिल्या दिवशी मी तिच्या मागे मागे फिरले, कुठे चुकते ते बघायला. तिची एक तऱ्हा होती. ह्यांना हात लावण्याआधी ती प्रत्येक गोष्ट सांगायची. "बाबा, आता डावा हात उचलते. आता पाणी ओतते, जरा गार लागेल. आता कुशीवर वळवते, मी धरलंय." मनात म्हटलं, ही दिवसभर अशी बोलत राहिली तर माझं डोकं उठणार. पण हे खूश. दिसत नसलेल्या माणसाला कुणी अचानक धरलं की तो दचकतो, आणि दचकून दचकून हे पार चिडखोर झाले होते. संध्याकाळपर्यंत तिचं नाव 'निवेदिका' पडलं. ती दारात आली की हे विचारायचे, पुढचा कार्यक्रम काय? ती म्हणायची, दाढी. मग दोघंही हसायची. मला त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही, आणि खरं सांगायचं तर थोडा मत्सरही वाटायचा.

एकदा निवेदिका तापाने आजारी पडली. ब्युरोने दुसरी बाई पाठवली. तिने आल्या आल्या न बोलता पांघरूण ओढलं, ह्यांनी हात झटकला आणि तिचा चष्मा भिंतीवर जाऊन आपटला. त्यानंतर निवेदिका परत येईपर्यंत ह्यांनी कुणाला अंगाला हात लावू दिला नाही. कूस न बदलल्याने पाठीला जखम झाली. मुलगा आला, जखम बघितली आणि माझ्याशी स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलला. पुन्हा असं झालं तर बाबांना वृद्धाश्रमात ठेवावं लागेल, तुझ्याने होणार नाही आई, असं म्हणाला. तो चुकीचं बोलत नव्हता, म्हणून मला जास्तच राग आला.

आणि मग निवेदिकेच्या नवऱ्याला दुसऱ्या गावी नोकरी लागली. जावं लागणार हे तिने आधी मला सांगितलं. बाबांना मी स्वतः सांगते, म्हणाली. मी तिला थांबवलं. ह्यांना कळलं तर हे हटून बसणार, नवीला जवळ येऊ देणार नाहीत, आणि मग वृद्धाश्रम ठरलेलाच. तेव्हा मुलाने शक्कल काढली आणि मी ती उचलून धरली. ह्यांना सांगायचंच नाही. नवीने निवेदिकेचंच सगळं उचलायचं: तेच शब्द, तसाच आवाज, तोच साबण, पायात त्याच सपाता. ह्यांना कुठे दिसतंय? नवी बिचारी समजूतदार. रोज खोलीच्या कोपऱ्यात तोंड मिटून उभी राहायची आणि शिकायची.

शेवटच्या दिवशी निवेदिका मोरीत टॉवेल पिळत होती.

"काकू, पाणी गार लागेल हेसुद्धा मी त्यांना आधी सांगते," ती म्हणाली. "आणि एवढं मोठं सांगायचं नाही?"

मी म्हटलं, त्यांच्या भल्यासाठीच आहे. ती आत गेली, "बाबा, आता पाय झाकते," म्हणाली, पाय झाकले आणि निघाली. जिन्यात ती रडली ते मला ऐकू आलं.

सकाळी नवी आत गेली. मी दाराशी उभी. "बाबा, आता डावा हात उचलते." तिचा हात लागताच ह्यांनी आपला किंचित आखडला, आणि मग पुढे केला. मला नाचावंसं वाटलं. लगेच मुलाला फोन केला आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली. त्या दिवसापासून ह्यांनी पुढचा कार्यक्रम विचारला नाही, पण मी त्याचा दोष वयाला दिला.

मग एका दुपारी मी त्यांना भरवत होते.

"हिचा आवाज चांगला आहे," ते म्हणाले. "तिला तिचं तिचं बोलू दे. दुसऱ्याचं बोलून दमते ती."

माझा चमचा हवेतच राहिला. कधी कळलं, म्हणून विचारलं.

"हात लागला तेव्हाच. तू दाराशी श्वास रोखून उभी होतीस, तेही कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर मला इथून हलवलं असतं. मागे तू एकटी." घास गिळून म्हणाले, "निवेदिकेला नीट जा म्हणायचं तेवढं राहिलं."

मी तिला फोन लावायला उठले. त्यांनी बसवलं. मला कळलं नाही असंच तिला वाटू दे, म्हणाले, नाहीतर उगाच मनाला लावून घेईल. तोंडाला पदर लावून मी रडले, पण ह्या माणसापासून आवाज कुठे लपायचा?

"खरखर," ते म्हणाले, "तू हात सोडशील तेव्हा सांगून सोड."

भलतंसलतं बोलू नका, घास गिळा, असं मी त्यांना दटावलं.

नवीला दुसऱ्या दिवसापासून तिचं बोलायला सांगितलं. ती सुटली. तिचा आवाज मधेच चढायचा, मधेच गडप व्हायचा, म्हणून ती 'शॉर्टवेव्ह' झाली. हे पुन्हा थोडं हसायला लागले.

थंडीत त्यांची छाती भरली. ते घरीच होते, स्वतःच्या पलंगावर. शॉर्टवेव्ह त्यांचे पाय चोळत होती. "हात धरलाय," मी सांगितलं. त्यांनी बोटं दाबली. जरा वेळाने दाबेनाशी झाली.

डॉक्टर येऊन गेले. मुलगा आला. पुढचं सगळं करायचं होतं, माणसं दारात खोळंबली होती, आणि मुलगा पुन्हा पुन्हा म्हणत होता, आई, आता सोड. ह्यांचे कान शेवटपर्यंत शाबूत होते. मी कानाशी वाकले.

"अहो, आता हात सोडते," म्हटलं, आणि सोडला.