चुन्याची रेघ

मित्रांनो, या, समोर उभे राहा; पण हात मला दिसतील असे ठेवा. राग मानू नका. मी लाकूड फोडायचा एक जुना ओंडका आहे आणि येणाऱ्याच्या चेहऱ्याआधी मी त्याचे हात बघतो. हातात कुऱ्हाड आहे की चहाचा कप, यावर माझा दिवस ठरतो. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही संशयी झाला असता.

पूर्वी मी असा नव्हतो. या वखारीमागच्या रानात, उतारावर, मी झाड होतो आणि कुणालाही अंगाखांद्यावर बसू द्यायचो. एका वादळात मुळांसकट उखडलो. माझ्या फांद्या जळणात गेल्या, पण बुंध्याचा हा भाग काही केल्या फुटेना. आत गाठी फार. मालकांनी पाचर ठोकली, ती उडून लांब पडली. घाम पुसत ते म्हणाले, "हा माझ्या सासऱ्यांवर गेलाय. राहू दे."

त्यांचा मेहुणा शेजारीच करवत घेऊन उभा होता. "माझ्या बापाचं नाव नको काढू, दाजी. ते निदान जेवायला बोलावलं की वाकायचे."

हसत हसत दोघांनी मला अंगणाच्या मधोमध उभा केला. गाठींनी माझा जीव वाचवला.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असे माणसे म्हणतात. मग ज्याच्या छातीवर ठेवून गोत फोडले जाते, त्याला काय म्हणावे? काम मात्र मी चोख केले. मालक रानातले वठलेले, कलंडलेले झाड हिवाळ्यात पाडत आणि त्या जागी रोप लावत. पाडलेले लाकूड माझ्यावर फोडले जाई, उन्हाळाभर थप्पीत वाळे आणि पुढच्या हिवाळ्यात लोकांच्या चुलीत, शेगडीत जाई. विकण्याआधी मालक दोन लाकडे एकमेकांवर आपटून कान देत. टणकन वाजले तर वाळलेले. थपकन वाजले तर अजून थांबायचे.

दुपारी ते माझ्यावर बसून चहा पीत. त्यांची मुलगी लहान असताना तिलाही ते माझ्यावर बसवत. "हा आपल्या वखारीचा सगळ्यात जुना नोकर," असे ते सांगत. त्या एका वाक्यावर मी कितीतरी घाव सोसले.

थप्पीवर ताडपत्री असे, पण टोपीसारखी, फक्त डोक्यावर. बाजू उघड्या. येणारेजाणारे म्हणत, "अहो, कुणीही उचलून नेईल." मालक म्हणत, "लाकडाला वारा लागतो. राखणदार नाही लागत."

मग एका वर्षी थंडीच्या तोंडावर मालक गेले.

बाहेरगावी असलेली मुलगी परत आली, त्यांचा जाड कोट घालून अंगणात उभी राहिली आणि वखार चालवायची म्हणाली. तिच्या मामाने, म्हणजे मालकांच्या त्या मेहुण्याने, मान डोलावली. पण भेटायला आलेल्या एका आत्याने जाताना, माझ्याच शेजारी उभे राहून, तिच्या कानात म्हटले, "सांभाळ हो. घरचा माणूस गेला की वखारीला पाय फुटतात."

त्या दिवसापासून मुलगीही हातांकडे बघू लागली. संध्याकाळी मामा मागच्या फाटकाने पोते घेऊन जाई. पोते जड असे. आत काय आहे, हे तिने विचारले नाही. मलाही दिसत नव्हते. म्हणून मलाही तेच वाटले जे तिला वाटले.

एका सकाळी मामा रानात गेला असताना ती चुन्याचे डबडे घेऊन आली. थप्पीतल्या लाकडांच्या तोंडांवरून तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी रेघ ओढली. एक जरी लाकूड काढले, तरी रेघ तुटेल. मामा परतला. त्याने रेघ पाहिली. मग घरी जाऊन तो स्वतःचा दोर घेऊन आला. ताडपत्री त्याने चारी बाजूंनी जमिनीपर्यंत ओढली, खाली दगड ठेवले आणि दोर आवळून बांधला.

"आता बोट माझ्याकडे यायला नको, मालकीणबाई," तो म्हणाला. आजवर तो तिला पोरी म्हणत असे.

तीही म्हणाली, "बरं झालं. असंच राहू द्या."

थप्पीचा मागचा भाग भिंतीआड होता; तिकडे रेघ नव्हती. विक्रीचे लाकूड तिकडून काढत आणि काढून झाले की पुन्हा आवळून बांधत. एकमेकांवर डोळा ठेवण्यात दोघेही इतके गुंतले की लाकडाकडे कुणी पाहिले नाही. दहिवर पडत होते. जमिनीची ओल वर चढत होती आणि तिला बाहेर पडायला जागा नव्हती. दोन लाकडे आपटून बघायची सवयही मालकांबरोबर गेली होती.

मग बेकरीवाला आला. वखारीचा अर्धा हिवाळा त्याच्या भट्टीवर चाले.

"ताई, तुमच्या बाबांच्या वेळी माझी भट्टी पेटायची. आता खोकते. पावाला धुराचा वास येतोय. पुढची खेप अशीच आली तर मी दुसरीकडून घेईन. वाईट वाटून घेऊ नका."

तो जाताच ती मामाकडे वळली. "वाळलेलं बाहेर गेलं आणि त्यात ओलं घातलंय कुणीतरी."

"कुणीतरी म्हणजे कोण? नाव घे की."

तिने मागच्या फाटकाकडे पाहिले. असे बघणे नावापेक्षा वाईट असते, मित्रांनो.

"रेघ मारलीस ना? मग तिलाच विचार," मामा म्हणाला. त्याने हातमोजे काढून माझ्यावर ठेवले आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतः कुऱ्हाड घेतली. बेकरीची खेप तयार करायची होती. पुढच्या बाजूचा दोर सोडून तिने ताडपत्री उचलली. रेघ जशीच्या तशी होती, कुठेही तुटलेली नव्हती. त्या रेघेतलेच एक लाकूड उपसून तिने बारीक करायला माझ्यावर ठेवले. घाव घातला. कुऱ्हाड रुतून बसली. मला लगेच कळले; ओले लाकूड पाते सोडत नाही. तिने दुसरे घेतले. तिसरे घेतले. मग दोन लाकडे उचलून एकमेकांवर आपटली. थप. रेघेवर चुना पांढरा होता आणि त्याच्या आजूबाजूला काळी बुरशी.

ती माझ्यावर बसली. मालक गेल्यापासून कुणी बसले नव्हते.

"वारा लागतो," ती हळूच म्हणाली. मग उठून तिने सगळा दोर सोडला, खांद्यावर घेतला आणि मागच्या फाटकाने बाहेर गेली.

परत आली तेव्हा तिच्यामागे मामा होता. मी सवयीने आधी त्याचे हात पाहिले. रिकामे होते.

"रेघ मी मारली होती, मामा."

"ठाऊक आहे. वाकडी होती. दाजींना कधी सरळ ओढता आली नाही, तुलाही नाही येत."

ती हसली. मग बराच वेळ पाठ फिरवून दोर गुंडाळत राहिली. त्या पाठीला मामा म्हणाला, "पोत्यात गाठी असायच्या, पोरी. फुटत नाहीत, गिऱ्हाईक घेत नाही, म्हणून तुझे बाबा मला द्यायचे. विचारलं असतंस तर दाखवल्या असत्या. आणि तो दोर मी रागानं आवळला. तेवढं माझंही आहे."

माझ्यासारख्याच गाठी! मी काय काय समजून बसलो होतो.

दोघांनी थप्पी मोडली आणि लाकडांत फट ठेवून वाऱ्याच्या बाजूला पुन्हा रचली. बेकरीवाला महिनाभर दुसरीकडे गेला. परत आला तेव्हा गाडी भरण्याआधी त्याने स्वतः दोन लाकडे आपटून पाहिली. अजूनही दर खेपेला तो तसेच करतो. मला तो फार आवडतो.

मित्रांनो, आता मी खालून कुजू लागलो आहे. जमल्यास मला ओल्या मातीवरून उचलून दोन विटांवर ठेवा. आणि जे जपायचे आहे ते झाका, पण डोक्यावरून. बाजू मोकळ्या राहू द्या.

कधीकधी चुन्याचा डाग असलेले लाकूड माझ्यावर येते. ते फोडण्याआधी ती दुसऱ्या लाकडावर आपटते आणि कान देते. मामाही हातातले काम थांबवतो. मीही ऐकतो.

टण.