पाणकराचा संदर्भ

हेमराज सरांबद्दल कुणी वाकडं बोललं की मला अजूनही राग येतो. आणि आता सगळ्यात वाकडं मीच बोलणार आहे.

भंडारा जिल्ह्याबद्दल ऑनलाइन ज्ञानकोशात मराठीतून जे काही सापडतं, त्यातलं निम्म्याहून जास्त या एका माणसानं लिहिलेलं आहे. पगार नाही, मानधन नाही, पानावर नावसुद्धा नाही. लाखनीला ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवायचे आणि घरी आले की गावं लिहीत बसायचे. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, पण कोशात त्याचा नुसता गोंधळ होता. तिकडची गावं इकडे, इकडचे तलाव तिकडे. सरांनी ते एकेक करून निस्तरलं. मी मोहाडीत आमच्या लुगड्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसून त्यांच्या मागोमाग जायची. शुद्धलेखन सुधार, नकाशा जोड, फोटो टाक. प्रत्यक्ष भेट वर्षातून एखाददा, बाकी सगळं बोलणं कोशातल्या चर्चापानावर. सासूबाईंना वाटायचं, सून मोबाइलवर कुणाशी तरी गुलुगुलु बोलते. बोलायची खरी, पण करडी गावाच्या लोकसंख्येबद्दल.

कोशाचा मुख्य नियम असा, की तुम्हाला स्वतःला काय माहीत आहे याला किंमत नाही. कुठे छापून आलं ते दाखवा. दाखवता आलं नाही तर त्या वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी पाटी लागते. नियम चांगला आहे. तो नसता तर कोशाचा उकिरडा व्हायला वेळ लागला नसता, हे मी आजही म्हणते.

एका वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला दुकानात एक बाई आली. मागून एक म्हातारा आला, पण तो पायरीवरच थांबला. मी गिऱ्हाईक समजून नऊवारी काढायला लागले.

“लुगडं नाही पाहिजे, ताई,” ती म्हणाली. “तुमी नेटवर लिहिता म्हनतेत. आमच्या गावाचं कोनं तरी लिहून ठेवलं हाये, तेवढं पुसून द्या.”

तिचं नाव शालू. करडीच्या पलीकडच्या हिरडीटोलीची. पायरीवरचा म्हातारा तिचा बाप, भोजराज. तिनं मोबाइल पुढे केला. पान आमचंच होतं. हिरडीटोलीचा तलाव २००५ च्या पावसाळ्यात फुटला, पाळीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, खालची घरं वाहून गेली, पाच माणसं दगावली, असं सगळं नीट लिहिलेलं. आणि शेवटी हे वाक्य: ‘तलावाचा पाणकर भोजराज हा त्या वेळी दारूच्या नशेत असल्याने त्याने वेळेत पाणी सोडले नाही.’ त्याला एका दैनिकाचा संदर्भ, तारखेसकट.

पाणकर म्हणजे तलावाचं पाणी शेताशेताला वाटून देणारा माणूस. त्याला गाव नेमतं आणि धानाच्या हंगामात त्याच्या शब्दापुढे कुणी जात नाही. तलाव काठोकाठ भरला तर पाणी सोडून पाळ वाचवायची, तेही त्याच्याकडेच. हिरडीटोलीचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं भोक, जुन्या पद्धतीचं आहे. पाण्याखाली एक लाकडी दट्ट्या असतो. बुडी मारायची आणि तो हातानं उपसायचा.

“माह्या बापानं जिंदगीत दारूले हात नाही लावला,” शालू म्हणाली. “त्या दिवशी तीन खेपा बुडी मारली त्यानं. दट्ट्या फुगून बसला होता. नखं निघाली बापाची. आन् जे पाच गेले ना ताई, त्यात माही माय होती. चंद्रकांता. तिचं तं नाव बी नाही त्याच्यात.”

मी भोजराजकडे बघितलं. तो रस्त्याकडे तोंड करून उभा होता.

“बाबा, आत या ना,” मी म्हटलं.

“नाही बाई, इथंच बरा हावो,” तो म्हणाला. “इतके वर्सं गावात कोनी एक वाकडा शब्द बोललं नाही मले. साऱ्यायनं पाह्यलं होतं. पाह्यलेले लोकं मेले, कोनी नागपूरले कामाले गेले. आता पोट्टे मोबाइल दाखवून हासून राहिले.”

पंधरा ऑगस्टला ग्रामसभा होती आणि तिच्यात पुढचा पाणकर ठरणार होता. सरपंचाच्या पुतण्याला, गोलूला, ते काम हवं होतं. त्यानं पारावर हे वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. गावानं भोजराजला सांगितलं, तिथून हे काढून आण, मग तूच पाणकर.

“सभेच्या आधी पुसा, ताई,” शालू हळू आवाजात म्हणाली. “त्याच्यापासून तलाव काढून घेतला तं तो जगत नाही.”

मला वाटलं, दोन मिनिटांचं काम आहे. तिच्यादेखत वाक्य काढलं. ती हात जोडायला लागली तर मी तिच्यावर ओरडले, इतकं मला ते किरकोळ वाटत होतं. संध्याकाळी बघते तर वाक्य जागच्या जागी. परत टाकणारे हेमराज सर, आणि शेरा: ‘ससंदर्भ मजकूर काढू नये.’

कोशात प्रत्येक पानाचा इतिहास जपलेला असतो. कोणी, कधी, काय लिहिलं, ते कुणालाही बघता येतं. मी बघितला. ते वाक्य २०१३ साली सरांनीच लिहिलेलं होतं, संदर्भाशिवाय. कुणीतरी त्यापुढे ‘संदर्भ हवा’ची पाटी लावली होती. दोन वर्षांनी, फुटीला दहा वर्षं झाली म्हणून, एका दैनिकानं आठवण छापली. तिच्यात हेच वाक्य होतं, शब्द न् शब्द. त्याच आठवड्यात सरांनी ती बातमी संदर्भ म्हणून जोडली आणि पाटी काढून टाकली. म्हणजे सरांचं वाक्य पेपरात गेलं आणि सरांच्याच वाक्याची साक्ष द्यायला परत आलं.

मी फोन लावला.

“सर, भोजराज दारू प्यायला होता, हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“बघा ना ताई, आता... हायवेवर चहाच्या टपरीवर एक जण सांगत होता. तिकडचाच होता तो.”

“मग काढा ते.”

फोनवर सरांच्या मागे ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते.

“आता संदर्भ आहे ना त्याले.”

“तो संदर्भ तुम्हीच आहात, सर!”

“समजते मले. मी का मूर्ख आहो? पण हे एक कबूल केलं तर बाकीच्या चारशे गावांचं काय करतील ते कोशवाले? त्यात टपरीवरचं किती आहे, मलेच आता आठवत नाही. सगळं उडवतील. आपल्या जिल्ह्याचं काही शिल्लक राहणार नाही, ताई. तुम्ही असं करा, त्याची बाजू कुठे छापून आणा. मी स्वतः लावतो.”

मला भयंकर राग आला. आणि त्याहून वाईट म्हणजे, त्यांची भीती मला समजली. बारा वर्षांच्या संध्याकाळी त्या माणसानं त्या पानांत घातल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी, शालू आणि भोजराज एसटीनं भंडाऱ्याला गेलो. ती आठवण लिहिणारा वार्ताहर भला माणूस निघाला. खुर्च्या दिल्या, चहा मागवला, म्हाताऱ्याचं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि दोन मिनिटं त्यात बघत बसला.

“पण बाबा, कोशात तर असं लिहून आहे,” तो म्हणाला.

“कोशानं ते तुमच्याच पेपरातून घेतलंय!” मी म्हटलं.

“आणि मी कोशातून घेतलं होतं, मॅडम.” तो चक्क हसला. “अर्ध्या तासात मजकूर द्यायचा होता. तेव्हा कोण तिकडे जाते?”

“मग चूक झाली म्हणून छापा.”

“कोणाच्या आधारानं? यांच्या? स्वतःची बाजू तर कोणीही सांगते. तुम्ही एक करा, कोशातून काढून घ्या. मग मी बातमी करतो.”

भोजराजनं चहाला हात लावला नाही. परतताना एसटीत त्यानं मला एकच विचारलं, “बाई, ह्या कोशाचा मालक कोन हाये? मी त्याच्या पाया पडतो.” मालक कुणीच नाही, सगळे मिळून लिहितात, हे मी त्याला समजावून सांगायला लागले आणि अर्ध्यातच गप्प बसले. त्याला ते कळलं नाही असं नाही. मलाच ते बोलताना कसंतरी व्हायला लागलं.

घरी येऊन मी चर्चापानावर वार्ताहराचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं. उत्तर आलं, ‘तोंडी माहिती ग्राह्य नाही.’ देणारा प्रचालक, म्हणजे कोशाची व्यवस्था बघणारा, परदेशात राहणारा, भला, अभ्यासू, आणि जन्मात हा तलाव न बघितलेला. मतं घेतली गेली. ‘ठेवावे’, ‘ठेवावे’, ‘ठेवावे’. त्यात एक सरांचं. मी वाक्य पुन्हा काढलं, त्यांनी पुन्हा टाकलं, मी पुन्हा काढलं. ग्रामसभेच्या आदल्या दिवशी मला एक महिन्यासाठी संपादनबंदी झाली. कारण दिलं होतं, ‘विध्वंसक संपादने’. दुकानात बसून मी ढसाढसा रडले आणि सासूबाईंना सांगितलं, डोळ्यात कचरा गेला.

सभेत गोलू पाणकर झाला. शालूनं फोनवर सांगितलं, की भांडण झालं नाही, काही नाही. बाप उठून ‘ठीक हाये’ म्हणाला आणि घरी आला. तेव्हापासून तलावाकडे पाठ करून खाटेवर बसायला लागला होता.

सप्टेंबरच्या सुरुवातीला पावसानं झोडपलं. आधीच भरलेला तलाव पाळीच्या तोंडाशी आला. दुपारी अख्खी हिरडीटोली पाळीवर जमली. गोलू छातीभर पाण्यात उतरला, पण बुडी मारायची त्याची हिंमत होईना. वाईट पोरगा नव्हता तो. नुसताच घाबरला होता. पाळीखालची माणसं घरातली पोरंबाळं बाहेर काढायला धावली. तेवढ्यात भोजराज आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी अडवलंही नाही. सदरा काढून त्यानं लेकीच्या हातात दिला.

पहिल्या खेपेला तो वर आला, दम घेतला आणि पुन्हा गेला. मग खालच्या पाटात पाणी धाडकन सुटलं. लोक ओरडले. शालूही ओरडली, आनंदानं. पाणी ओढीनं जात राहिलं आणि भोजराज वर आला नाही. तलाव उतरला तेव्हा तो सापडला, भोकाशी, खांद्यापर्यंत हात आत ओढला गेलेला.

तो गेल्याचं मला पेपरातून कळलं, बाकीचं नंतर शालूनं सांगितलं. बातमी चार ओळींची. ‘तलावफुटीस जबाबदार पाणकराचा त्याच तलावात बुडून मृत्यू. मृत इसम दारूच्या आहारी गेल्याचे समजते.’ दुपारपर्यंत ती कोशात पोचली होती. सरांनी मृत्यूची तारीख घातली, बातमी जोडली. भोजराज दारुडा होता याला आता दोन संदर्भ झाले.

मी हिरडीटोलीला गेले. पाळीखाली घरं जागच्या जागी होती. अंगणात उषाबाई म्हणून कुणी म्हातारी धान पाखडत होती, पोरं गोंधळ घालत होती. शालूनं मला पाणी दिलं आणि समोर बसली.

“आता काय लिहिलं हाये त्याच्यात?”

खोटं बोलायचं माझ्या मनात होतं, पण जमलं नाही. वाचून दाखवलं.

“आन् तुडूम खोललं, पाळ वाचली, ते?”

“ते नाही.”

“काहून नाही?”

“कुठे छापून आलं नाही, शालू.” हे माझ्या तोंडून निघालं आणि मला माझीच किळस आली.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं पाळीखालच्या घरांकडे नुसता हात केला. “हे सारे जिते हायेत ना ताई. यायले येऊन विचारा म्हना.”

बंदी उठली त्या सकाळी मी गल्ल्यावर बसल्याबसल्या लिहिलं: ‘भोजराज याने बुडी मारून तुडूम उघडले, त्यामुळे तलाव फुटला नाही. २००५ च्या फुटीत त्याची पत्नी चंद्रकांता हिचाही मृत्यू झाला होता.’ समोरचा चहा निवायच्या आत ते पुसलं गेलं. शेरा होता, ‘संदर्भ नाही’. पुसणारे हेमराज सर.

मग त्यांचा फोन आला. पन्नाशीचा माणूस लहान पोरासारखा रडत होता. “ताई, मी वाईट माणूस नाही हो,” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते.

“माहीत आहे सर,” मी म्हटलं. “तुम्ही पुसलेलं ते तुडुमाचं वाक्य परत टाका.”

ते आणखी रडले, आणि फोन ठेवला. मी ते पान उघडं ठेवून बसले. गिऱ्हाईकं आली, गेली, दुकान बंद करायची वेळ झाली. वाक्य परत आलं नाही.