परत गेलेल्यांना कोण मोजतं?

शहरात डायलिसिसची केंद्रं कुठे काढायची आणि कुठे किती मशिनं द्यायची, हे आमचा दादा ठरवतो. आईला डायलिसिस लागलं तेव्हा मला वाटलं, घरचाच माणूस आहे, काळजी मिटली. कसली मिटते!

आमच्या भागातल्या केंद्रात पाय ठेवायला जागा नसायची. एकाला उशीर झाला की मागचे सगळे लटकायचे. शेवटचे काही कंटाळून घरी जायचे.

नवी मशिनं आली तेव्हा मी दादाला जेवताना धरलं. "दोन इथे दे ना. नंबर येईपर्यंत आई केंद्राच्या जिन्यावर बसते रे."

"इथे तुटवडा दिसत नाही. जेवढी मशिनं, तेवढेच रुग्ण. रोज बरोबर जुळतं."

"अरे शहाण्या, मशीन मिळालं त्यालाच तुम्ही रुग्ण धरता. परत गेला त्याला कोण मोजतं?"

त्याने आमटी वाढून घेतली. मग म्हणाला, "शिवाय लोक म्हणतील, आईसाठी दिली."

"त्याला छळू नकोस गं," आई म्हणाली. "जिन्यावर चार ओळखी तरी होतात."

मला दोघांचाही संताप आला. मशिनं गेली नव्या वसाहतीत. तिथे माणसं राहायला येतील असा अंदाज होता. ती आलीच नाहीत.

पुढे एकदा आईची डायलिसिसची पाळी हुकली. पुढच्या खेपेला पाय सुजलेले, आणि केंद्रात एक मशीन बंद. शेवटी आई उरली आणि तिच्यामागे धापा टाकणारी एक तरुण बाई. नर्सबाई म्हणाल्या, आता एकच होईल.

"हिला घ्या," आई म्हणाली. "माझा मुलगा साहेब आहे, माझी होईल सोय."

मी तिच्यावर ओरडले. दादाला फोन लावला. तो म्हणाला, "नव्या वसाहतीत ने, तिथली मशिनं रिकामीच आहेत."

वसाहत शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. अर्ध्या वाटेवर टॅक्सी गर्दीत अडकली. आईला श्वास पुरेना. ती तिथेच माझ्या मांडीवर गेली.

काही दिवसांनी दादा जेवायला आला. त्याने केंद्राला विचारलं होतं, त्या दिवशी किती जण परत गेले? उत्तर आलं, कोणीच नाही.

"मग आता तरी देणार का इथे मशीन?" मी विचारलं.

त्याने घास खाली ठेवला. "पुढच्या वर्षी इथली मागणी एकाने कमी धरलीय," म्हणाला, आणि भरल्या ताटावर हुंदके देऊन रडायला लागला.