माझ्या छातीतली दोरी

मी बसम्माच्या हातची बाहुली बोलतेय. पालमला बसस्टँडच्या मागं आमचं घर. नवऱ्याचं जुनं धोतर फाडून बसम्मानं मला शिवलं, आत घरचा कापूस भरला, डोळ्यांच्या जागी काळा दोरा घातला. शेवटी कपाळाला विभूतीचं बोट लावलं आणि मला नातीच्या हाती दिलं. मला वाटलं, आता माझं लग्न लावतील. बाहुल्यांचं तेच होतं म्हणतात.

माझं भलतंच झालं. नात होती शिवानी, चांगली दवाखान्यात नर्स. लहान लेकरांच्या जिवावर अचानक बेतलं तर काय करायचं, याची मोठी परीक्षा तिला द्यायची होती. पास झाली की परभणीला लेकरांच्या तातडीच्या वॉर्डात जाता येणार होतं. लहानपणापासून तिला तेच करायचं होतं. सरावाला बाळ हवं, आणि खरं बाळ कोण देणार?

तेव्हापासून मी रोज आजारी. आज घशात शेंगदाणा अडकला म्हणून तिनं मला हातावर पालथं धरलं, डोकं खाली करून पाठीत थापट्या दिल्या. उद्या झटके. परवा तर माझा जीवच गेला. दोन अंगठ्यांनी छाती दाबून दाबून तिनं तो परत आणला.

बसम्माचा नवरा धोंडप्पा दारातून विचारायचा, "आज काय झालंय गं तुझ्या लेकीला?"

"जुलाब, आजोबा. लय सुकलीय."

"माझ्या धोतराला जुलाब? आता काय नेसावं माणसानं."

शिवानी पुस्तकातलं मोठ्यानं म्हणायची, "हात लावायच्या आधी नुसतं बघायचं. लेकरू सावध आहे का, श्वास, रंग." मग माझ्याकडं बघून म्हणायची, "श्वास बघितला," आणि पुढं जायची. मला नवल वाटायचं. श्वास म्हणजे काय आणि तो माझा कुठून दिसला हिला? मला टोपडं, झबलं, वरून दुपट्याची घट्ट गाठ. ती सोडायला गेली की बसम्मा चुलीपासून ओरडायची, "उघडं नको करूस, वारं लागंल." गाठ तशीच राहायची.

परीक्षेला गेलेली शिवानी तोंड पाडून परत आली. तिथं मशीनचं बाळ होतं, कपड्यात गुंडाळलेलं. तिनं ताप बघितला, आई झालेल्या बाईला नीट विचारलं, सगळं केलं. परीक्षक बाई म्हणाल्या, "छाती बघितली का?" तर हिच्या तोंडून निघून गेलं, "वारं लागेल."

"नापास केलं त्यांनी, आजी. दुपट्याच्या आत त्या बाळाला श्वासच पुरत नव्हता. बरगड्यांखाली खड्डा पडायलता."

"मग काय उघडं नागडं ठेवायचं लेकराला?"

"ठेवायचं न्हाई. बघायचं आन् परत झाकायचं."

बसम्मा भाकरी थापत राहिली, पण मान सारखी माझ्याकडं वळायची. जेवणं झाल्यावर तिनं विचारलं, "खड्डा पडतो म्हंजी कसा पडतो?" शिवानीनं आपलाच कुडता बरगड्यांखाली बोटांनी आत दाबून दाखवला.

दुसऱ्या दिवशी म्हातारीनं माझी पाठ उसवली. छातीच्या कापडाला आतून एक दोरी शिवली, तिचं टोक पाठीतून बाहेर काढलं. दोरी ओढली की छाती आत, सोडली की वर.

"वळख आता," बसम्मा म्हणाली, "कसं घ्यायलंय श्वास?"

कधी सावकाश ओढायची, कधी भरभर, कधी मुद्दाम थांबायची. शिवानीनं गाठ न सोडता उत्तर दिलं की पळीचा दांडा तिच्या मनगटावर. मला गंमत वाटायची, पण श्वास म्हणजे काय ते अजून कळत नव्हतं. ही तर बसम्माची ओढाओढ. ज्यांना दोरी नसते त्यांचं काय?

दुसरी परीक्षा जवळ आली होती. एका दुपारी शेजारची सविता पोर घेऊन आली. "रडून रडून दमलंय. आता निजलंय," म्हणाली. पोर कुंचीत, दुपट्यात, वरून शालीत. मी फळीवरून बघत होते. शिवानीनं हात पुढं केला, तशी सविता मागं सरकली. "नको गं, सर्दी हाय त्याला. वारं लागंल."

शिवानी थबकली. तिनं आजीकडं बघितलं.

बसम्मा उठली, तिनं स्वतः गाठ सोडली. "आधी बघू दे तिला," म्हणाली.

तेव्हा मी पहिल्यांदा बघितलं. एवढीशी छाती, भरभर वरखाली होणारी, आणि दर वेळेला बरगड्यांखाली खोल खड्डा. पाठीमागं कुणाचाच हात नव्हता. ओठ निळसर पडलेले.

"हे निजलं न्हाई, श्वास घेऊन घेऊन दमलंय," शिवानी म्हणाली. "आजोबा, रिक्षा आणा."

पोर वाचलं. आता ते आमच्या उंबऱ्यावर बसून माती खातं. परीक्षेच्या दुसऱ्या खेपेला शिवानीनं आत पाऊल टाकताच दुपटं सोडलं, आणि पास झाली. परभणीला जाताना ती मला पिशवीत घालत होती, पण बसम्मानं काढून घेतलं. "तुला तिथं खरी लेकरं हायती. ही इथं लागते."

माझा कापूस छातीपाशी चपटा झालाय, एक डोळा उसवलाय. गल्लीतली कुणी पोर घेऊन आली की बसम्मा माझी दोरी ओढून दाखवते आणि सांगते, "असं दिसलं की घरी बसू नका."

मीही तेवढंच सांगते. माझी दोरी कुणीतरी ओढावी लागते. तुमच्या मांडीवरचं लेकरू आपला श्वास आपणच ओढतंय; तेवढी गाठ सोडा आणि बघा.