घरबसल्या धाडस

‘बंद दारापुढे हात टेकणारा नायक दिसला की खुशाल समजावं, लेखक आळशी आहे. डोकं ठिकाणावर असलेल्या माणसाला कुठलंही दार दोन मिनिटांच्या वर अडवू शकत नाही.’

परीक्षकानं एवढं लिहून कागदावर पाचपैकी दीड गुण टाकले, तेवढ्यात पडद्यावरचा पूल उडाला. स्पीकर हादरले, जमीन हादरली, दाराच्या फटीत अडकवलेली चप्पल निसटली आणि दार लागलं. खट्.

दाराला आतून मूठ नव्हती. मूठ त्यानंच काढली होती. प्रत्येक स्फोटाला ती खडखडायची, आणि मारामारीच्या पिक्चरच्या डिस्क घरी बघून चित्र कसं, आवाज कसा, जादाचे सीन किती याचा निवाडा छापणाऱ्या माणसाला अशी खडखड परवडत नाही. खोलीत मोबाइल आणायचा नाही हा नियमही त्याचाच. भिंतींना अंड्यांचे ट्रे, खिडकीला गादी. आपल्या हातानं इतका पक्का तुरुंग आजवर कुठल्याही खलनायकानं बांधला नसेल.

बाहेर बायको निघायच्या तयारीत होती. तिला दुसऱ्या गावी मोठ्या हुद्द्याची नोकरी मिळाली होती आणि आज कंपनीची गाडी यायची होती. तुम्ही येणार का, असं ती महिनाभर विचारत होती. एवढी डिस्क संपू दे, मग सांगतो, असं तो महिनाभर म्हणत होता. डिस्क संपत होत्या, पोस्टानं नव्या येत होत्या. आज सकाळी तिनं विचारलंच नाही. तेव्हा कुठे हो म्हणायचं त्यानं ठरवून टाकलं. फक्त पुलाचा सीन झाल्यावर.

मूठ आपण शर्टांच्या खणात ठेवली होती हे त्याला आठवलं. कपाट खोलीतच होतं. त्यानं खण ओढला. मूठ नव्हती. शर्टही नव्हते. सगळा खण रिकामा, तळाला नुसता वर्तमानपत्राचा कागद. आपले कपडे हिनं कुणाला देऊनसुद्धा टाकले? माणूस घरात बसलेला असताना?

मग त्यानं या पिक्चरच्या नायकानं केलं तेच केलं. तो फटीत कार्ड सरकवतो, यानं दुसऱ्या पिक्चरची डिस्क सरकवली. डिस्कचे दोन तुकडे झाले. खांद्यानं धडक दिली. दार तसंच राहिलं, खांदा मात्र पूर्वीसारखा राहिला नाही.

“दार उघडा,” तो ओरडला.

बाहेर सोफ्यावर सासूबाई आणि खालच्या मजल्यावरची शेजारीण बसल्या होत्या. लेकीला निरोप द्यायला आलेल्या सासूबाई मघापासून, एका माणसाला दोन बॅगा कशाला, म्हणून कुरकुरत होत्या. त्यांनी कान टवकारले.

“आज कुणाला तरी डांबलंय वाटतं,” त्या म्हणाल्या.

“परवाचा बोगद्यात होता. तो बरा ओरडायचा,” शेजारीण म्हणाली.

“अहो आई, मी आहे. आई, ऐका ना.”

“आईला हाक मारतोय. म्हणजे मरणार आता,” सासूबाई म्हणाल्या.

त्यानं टीव्हीचा प्लग उपटला. आता तरी कळेल. खोली एकदम चिडीचूप झाली. बाहेर शेजारणीनं सासूबाईंचा हात धरला आणि आता काहीतरी होणार बघा, असं कुजबुजली. अशा शांततेला परीक्षकानं आजवर कितीतरी वेळा अर्धा गुण जास्तीचा दिला होता.

बायकोच्या पावलांचा आवाज आला. तो गुडघ्यांवर बसला आणि दाराखालच्या फटीला तोंड लावलं.

“अगं, मी येतो तुझ्याबरोबर. तुझ्याशिवाय मला साधा चहा जमत नाही. नाही, चहाचं जाऊ दे. तू नसलीस तर मी गुण कुणाला वाचून दाखवू? तू ऐकत नाहीस हे मला माहितेय. तरी तू हवीस.”

बाहेर शेजारणीनं नाक ओढलं.

“अगं, आत जावई तर नाहीत ना?” सासूबाईंनी विचारलं.

“नाही गं आई. पिक्चरच आहे. हे असं कधी बोलत नाहीत,” बायको म्हणाली.

बॅगेची चेन लागल्याचा आवाज त्यानं फटीतून ऐकला. मग खाली हॉर्न वाजला. सासूबाई आणि शेजारीण एकेक बॅग उचलून, जिन्याला शिव्या घालत उतरल्या. परीक्षकानं जमिनीवरचा कागद ओढून घेतला, दीड खोडलं आणि साडेतीन केलं.

तेवढ्यात बाहेरची मूठ फिरली. बायको आत आली. तिनं काळा पडदा पाहिला, डिस्कचे तुकडे पाहिले, त्याच्या हातातला प्लग पाहिला.

“पिक्चर कधी बंद केलात?”

“मघाशीच.”

“चहाचं बोलायच्या आधी?”

त्यानं मान डोलावली.

“परत म्हणा,” ती म्हणाली.

त्यानं तोंड उघडलं आणि खाली पुन्हा हॉर्न वाजला. नीट ऐकू यावं म्हणून तिनं मागे हात नेऊन दार लोटलं. खट्.

चप्पल कोपऱ्यात पडली होती. दोघांनीही तिच्याकडे पाहिलं.

“तुझा मोबाइल?”

“बाहेर ठेवला. तुमचाच नियम.” तिनं दार चाचपलं. “मूठ कुठेय?”

“शर्टांच्या खणात होती. खण रिकामा आहे. शर्ट कुणाला दिलेस?”

तिचे कान लाल झाले.

खाली ड्रायव्हरनं बाई कुठे आहेत म्हणून विचारलं. त्यांच्याकडे पिक्चर लागलाय, संपल्याशिवाय कुणी हलायचं नाही, असं शेजारणीनं सांगितलं. त्याला पुढे आणखी एकाला घ्यायचं होतं, म्हणून सामान तरी पोचवतो असं म्हणत तो निघाला. एका बॅगेत बायकोचे कपडे होते. दुसरीत त्याचे शर्ट होते, आणि शर्टांत गुंडाळलेली मूठ.