धाकूच्या नावाचं गाऱ्हाणं

मुंबईची गिरणी कायमची बंद पडली आणि धाकू गावी येऊन बसला, तेव्हापासून त्याला दोन सवयी लागल्या. एक, पावस गावी आंब्याच्या बागेत चोरून रोजाने जायचं. दुसरी, एसटीतून उतरल्यावर आपल्याला कोणी बघितलं तर नाही ना, म्हणून मागे वळून बघायचं.

चोरून अशासाठी, की बेकार झालेल्या कामगारांना सरकारी मदत मिळणार होती, पण माणूस खरोखर रिकामा असला पाहिजे, अशी अट होती. कुठे कामावर सापडला की मदत गेली. आता मदत येईपर्यंत पोटाला काय थांब म्हणून सांगायचं? पण अटी करणारे जेवून उठल्यावरच अटी करतात, त्याला इलाज नाही.

चोराच्या मनात चांदणं. कंडक्टरने तिकीट देताना दोनदा बघितलं तर धाकूला वाटे, हा सांगणार. शेजारची चिमा नुसती विचारी, "आज लवकर निघालात?" तर तो दिवसभर बागेत तेच घोकत बसे. बायको कमळा वैतागून म्हणायची, "अवो, लोकांना तुमच्याशिवाय दुसरे धंदे नायत काय?" पण ऐकेल तर धाकू कसला.

सगळ्यांत जास्त संशय त्याला रावजीचा. रावजी भावकीतला थोरला, धाकूचा दादा. त्यानेच धाकूला गिरणीत चिकटवला होता. दोघे एकाच साचाखात्यात मागावर उभे राहिले आणि एकाच दिवशी घरी आले. गावदेवीपुढे सगळ्यांच्या वतीने बोलायचा मान रावजीच्या घराकडे. धाकू आणि तो एकाच मदतीची वाट बघत होते, पण धाकूला आपलं वाटे, ह्याला माझं सगळं माहीत आहे, वेळ आली की हा तोंड उघडणार. काही कारण? काही नाही. माहीत आहे, एवढंच पुरे होतं.

माघात चौकशीला साहेब आला. माणूस घाटावरचा, सौम्य बोलणारा. अंगणात बसून कोकमाचं सरबत प्यायला, चार प्रश्न विचारले, आणि बॅग मिटता मिटता सहज म्हणाला, "तुमच्या नावाचं कुणी रावजीने गाऱ्हाणं घातलंय म्हणे. स्टँडवर कळलं. काय भानगड आहे?"

धाकू मनाशी म्हणाला, बघ, म्हटलं नव्हतं?

"भाऊबंदकी, साहेब," तो म्हणाला. "दुसरं काय."

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण भीतीने राग आला की माणसाची जीभ राहत नाही. "आणि तो तरी कुठं रिकामा हाय?" तो पुढे म्हणाला. "रोज चिरेखाणीवर असतो. जाऊन बघा."

बोलला ते खोटं नव्हतं, म्हणूनच वाईट होतं. देवीच्या सभामंडपाला चिरे लागणार होते, आणि गावाने घरटी पाळी लावली होती. रावजी हाताशी वेळ आहे म्हणून दुसऱ्यांच्याही पाळ्या करी. दमडी न घेता. त्यांत धाकूची पाळीही होती, कारण धाकू पावसला असे. हे धाकूला पक्कं ठाऊक होतं आणि त्याने सांगितलं नाही.

साहेब खाणीवर गेला. रावजी घामाने निथळत चिरा ताशीत होता. देवीचं काम आहे, असं त्याने परोपरीने सांगितलं. साहेबाने मान हलवली आणि काय लिहायचं ते लिहिलं. धाकूची मदत मंजूर झाली. रावजीची अडली.

शिमगा तोंडावर आला तेव्हा धाकू स्टँडवर चहाला थांबला. हॉटेलवाल्या यमुनाबाईने कप पुढे ठेवला.

"लागलं ना काम मार्गी? मीच त्या साहेबाला बोल्लेली, चांगला माणूस हाय धाकू, खुद्द रावजीनं देवीपुढं त्याच्या नावाचं गाऱ्हाणं घातलान, मदत मिळू दे म्हणून. म्हटलं, साहेबाला दया येईल."

धाकू कपाकडे बघत राहिला. देवीपुढचं गाऱ्हाणं. लहानपणापासून कानावरून गेलेला शब्द. पण सरकारी माणसाच्या तोंडून आला, तेव्हा धाकूला त्यात कागाळीच ऐकू आली. साहेब बिचारा परका, त्याला तो शब्द कळला नसेल, पण धाकूला काय झालं होतं? त्याला स्वतःची अशी किळस आली की चहा तसाच टाकून तो उठला.

घरी कमळाला त्याने सगळं सांगितलं. तिने चुलीवरचं भांडं उतरवलं. मग म्हणाली, "आत्ता जावा नि दादांना सांगा."

"शिमगा होऊ दे," धाकू म्हणाला.

शिमगा काही कोणाच्या सोयीने लांबत नाही. पालखी घरोघर फिरत धाकूच्या अंगणात आली. कमळाने ओटी भरली, नारळ ठेवला. रावजी पुढे झाला, डोळे मिटले, हात जोडले.

"बा देवी म्हाराजा, आज तुझं लेकरू धाकू ह्यानं तुझ्यापुढं नारळ ठेवलान हाय. तू त्याला दिलंस, तसं टिकव गे म्हाराजा."

"होय म्हाराजा!" सगळं अंगण म्हणालं.

"त्याच्या बायकापोरांना सुखी ठेव गे म्हाराजा."

"होय म्हाराजा!"

"आणि माझ्या पोटावर ज्यानं पाय दिलान, तो घरचा असो, दारचा असो, त्याला तू वळख गे म्हाराजा."

"होय म्हाराजा!"

धाकूचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही.

गाऱ्हाणं पुरं झालं की नारळ फोडायचा, पण रावजीने नारळाला हात लावला नाही. डोळे मिटलेलेच ठेवून तो म्हणाला, "धाकू, ज्याच्या घरचं गाऱ्हाणं, त्याचा आवाज आला पायजे. तुझा नाय आला." आणि त्याने तेच शेवटचं मागणं पुन्हा म्हटलं, सावकाश. ह्या वेळी बाकीचे गप्प राहिले.

ह्याला माहीत आहे की नाही? जुन्या सवयीने धाकूने रावजीच्या तोंडाकडे बघितलं. काही कळेना. मग त्याने कमळाकडे बघितलं.

"होय म्हाराजा," तो म्हणाला. "तो मी."

रावजीने डोळे उघडले नाहीत. त्याने चाचपून नारळ उचलला आणि पायरीवर फोडला.